गाई-मेंढ्यांची लाळ आणि पचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनावरांच्या खाण्यावर बोलायला बसलं की लोक प्रोटीनचं विचारतात, मिनरल मिक्स्चरचं विचारतात, लाळेबद्दल मात्र कोणी आपणहून विचारत नाही. मग कधीतरी अपचन होतं, दुधाचं फॅट पडतं, पोट फुगतं आणि कारण शोधता शोधता आपण लाळेपाशीच येऊन थांबतो. म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एका जागी लिहून काढलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

गाय दिवसाला लाळ तयार करते तरी किती?

मोठी गाय साधारण १०० ते १५० लिटर. हो, लिटरच. भरपूर चारा खाणाऱ्या दुधाळ गाईंमध्ये तर २०० लिटरच्या वर पण मोजली गेलीय. मेंढीची ६ ते १५ लिटर. बहुतेक वेळा गाय जेवढं पाणी पिते त्यापेक्षा जास्त पाणी ती लाळेवाटे स्वतःच्याच पोटात ओतत असते. पण हे पाणी काही रोज नवीन लागत नाही, कोठीपोटातून म्हणजे रुमेनमधून पुढे गेलेलं पाणी पुढच्या पोटांत आणि आतड्यात शोषलं जातं, रक्तात येतं, लाळग्रंथी ते रक्तातून उचलतात आणि परत तोंडात सोडतात, असं तेच पाणी दिवसभर गोल फिरत राहतं. त्यामुळे जनावराला प्यायला पाणी कमी पडलं की लाळ पण आटते आणि चारा खाणं पण कमी होतं.

आपल्या लाळेत स्टार्च पचवणारं एन्झाइम असतं, तसं गाईच्या लाळेत असतं का?

नाही. आपण भाकरीचा तुकडा चावत राहिलो की गोड लागायला लागतो, तो अमायलेजमुळे. गाई-मेंढ्यांच्या लाळेत अमायलेज नसल्यातच जमा आहे. दूध पिणाऱ्या वासरांच्या आणि कोकरांच्या तोंडात मात्र फॅट फोडणारं एक लायपेज असतं, जिभेच्या मागच्या बाजूच्या ग्रंथींतून येतं आणि दुधातलं फॅट पचवायला मदत करतं. वय वाढून दूध सुटत जातं तसं त्याचं महत्त्व संपतं.

एन्झाइमच नाही तर मग लाळ पचनात करते काय?

हा खरा प्रश्न आहे.

गाय स्वतः गवत पचवत नाही. गवतातलं सेल्युलोज तोडायचं काम रुमेनमधले बॅक्टेरिया, प्रोटोझोआ आणि फंगस करतात. त्यांनी चारा आंबवला की ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी ॲसिडं तयार होतात आणि गाय ती रुमेनच्या भिंतीतून शोषून घेऊन त्यावर जगते, तिच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. आता अडचण अशी की ही ॲसिडं सतत तयार होत असतात, आणि साठत गेली तर ज्यांनी ती बनवली त्या जिवाणूंनाच ती सोसत नाहीत. त्यातही चिवट चारा तोडणारे बॅक्टेरिया सगळ्यात नाजूक, रुमेनचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जेवढा कमी तेवढं जास्त आंबट) ६ च्या आसपास खाली आला की त्यांचं काम मंदावतं आणि अजून खाली गेला की जवळपास बंदच पडतं. चारा पोटात आहे, जनावर खातंय, पण पचत नाही, अशी अवस्था येते.

इथे लाळ कामाला येते. गाई-मेंढ्यांच्या लाळेचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिच्यात सोडियम बायकार्बोनेट आणि फॉस्फेट ठासून भरलेलं असतं. १९४८ मध्ये मॅकडूगल या संशोधकाने मेंढीच्या लाळेचं पृथक्करण करून छापलं आणि तशीच कृत्रिम लाळ बनवायची कृती दिली, एका लिटर पाण्यात ९.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, शिवाय सोडियम फॉस्फेट आणि मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे थोडे थोडे क्षार. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात चारा पचवून बघताना आजही हेच मॅकडूगल बफर (म्हणजे पीएच फार हलू न देणारं द्रावण) वापरतात. आता साधा हिशोब करा, लिटरमागे जवळपास १० ग्रॅम, तर १०० लिटर लाळेतून गाय रोज १ किलोच्या आसपास खाण्याचा सोडा स्वतःच बनवून रुमेनमध्ये टाकते. एवढा सोडा विकत आणून चारायचा म्हटलं तर जनावर तोंडच लावणार नाही.

आणि हा सोडा तिथे फक्त मिसळून राहत नाही. ॲसिडशी गाठ पडली की बायकार्बोनेटचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, गॅस ढेकरेवाटे बाहेर जातो, म्हणजे ॲसिडचा तेवढा हिशोब कायमचा मिटतो. ढेकर आणि लाळ ही जोडी आहे असं मी नेहमी सांगतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, सगळं ॲसिड एकटी लाळ सांभाळत नाही. भिंतीतून शोषलं जाणारं ॲसिड हा मोठा वाटा आहे, आणि शोषताना भिंतसुद्धा बदल्यात थोडं बायकार्बोनेट आत सोडते. लाळ दुसऱ्या नंबरवर. पण भिंतीच्या कामावर आपला रोजचा ताबा फारसा नाही, लाळेवर आहे.

लाळ कमी-जास्त कशामुळे होते?

एका शब्दात सांगायचं तर वेळेमुळे. जनावर किती मिनिटं चावतंय यावर जवळपास सगळं अवलंबून आहे.

१९६१ मध्ये बेली नावाच्या संशोधकाने गाई वेगवेगळं खाद्य खाताना लाळ किती सुटते ते मोजलं होतं आणि ते आकडे मला आजही फार बोलके वाटतात. वाळलेलं गवत खाताना मिनिटाला सुमारे २५४ मिलिलिटर, हिरवं गवत खाताना २६६, मुरघास २८०, आणि खुराकाच्या गोळ्या म्हणजे पेलेट खाताना २४३. बघा, मिनिटाचा आकडा फारसा हललाच नाही. म्हणजे "गोळी खाताना गाईला लाळ सुटत नाही" असं जे म्हणतात ते बरोबर नाही, सुटते. फरक पडतो तो खाण्याच्या वेगात. वाळलेलं गवत गाय मिनिटाला ७० ग्रॅमच खाऊ शकली आणि गोळी ३५७ ग्रॅम. एक किलो वाळलेल्या गवताला चौदा मिनिटं लागतात आणि त्यात साडेतीन लिटरच्या वर लाळ मिसळते. एक किलो गोळी तीन मिनिटांच्या आत संपते, लाळ जेमतेम पाऊण लिटर. आणि त्या किलोभर गोळीतून रुमेनमध्ये ॲसिड किती झपाट्याने तयार होणार आहे ते वेगळंच. म्हणजे जिथे लाळ सगळ्यात जास्त हवी तिथेच ती सगळ्यात कमी पोचते.

पण त्याच आकड्यांप्रमाणे हिरव्या गवतालाही किलोमागे लाळ कमीच मिळते ना?

बरोबर पकडलंत. हिरव्या गवताला ग्रॅममागे ०.९४ मिलिलिटर आणि मुरघासाला १.१३ असे ते आकडे आहेत, वाळलेल्या गवताला ३.६३. पण कोवळ्या हिरव्या गवतात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. फक्त सुक्या भागाच्या हिशोबाने बघितलं तर हिरवं गवत वाळलेल्याच्या बरोबरीला येतं, उलट थोडं पुढेच जातं. मुरघासाचंही तसंच. खरोखर मागे पडतो तो खुराक, कारण त्यात पाणी जवळपास नसतं. हे आकडे बरेच जण जसेच्या तसे घेतात आणि हिरव्या चाऱ्याला नावं ठेवतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

रवंथ करताना पण तेवढीच लाळ सुटते का?

सुटते, आणि रवंथाचा वेळ मोठा असल्यामुळे दिवसाच्या एकूण लाळेत तिचा वाटा फार मोठा. चांगला चारा मिळणारी गाय दिवसातले ७ ते ९ तास रवंथ करते, शिवाय ४ ते ६ तास खाण्यात जातात. एक घास वर आला की साधारण ५० ते ७० वेळा चावते, मिनिटभर लागतं, मग गिळते, दोन-चार सेकंद थांबते आणि पुढचा घास वर येतो. शांतपणे बसून रवंथ करणारी गाय बघितलीत तर गिळल्यावर गळ्यातून घास खाली जाताना आणि नवा वर येताना स्पष्ट दिसतो.

एक बारीक गंमत, गाय ज्या बाजूने चावते त्या बाजूच्या कानाखालच्या ग्रंथीतून लाळ जास्त येते. चावण्याचा स्पर्श आणि लाळ यांचं नातं किती थेट आहे ते यातून कळतं.

म्हणजे चावण्याचा एक तास वाढला की लाळ पण तेवढ्याच हिशोबाने वाढणार?

नाही, इथे लोक फसतात. गाय नुसती बसलेली असते तेव्हाही लाळ चालूच असते, वेग चावतानाच्या साधारण निम्मा धरा. त्यामुळे चावण्याचा एक तास वाढतो तेव्हा आरामाचा एक तास कमी होतो आणि खरा फायदा फक्त दोन्हींतल्या फरकाचा. चावताना मिनिटाला २४० आणि आरामात १२० मिलिलिटर धरलं तर एका तासाला १४ लिटर वाढल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात हाती ७ लिटरच येतात. तरी ७ लिटर म्हणजे ७० ग्रॅम सोडा, कमी नाही. पण "थोडं भुस्कट टाकलं, आता खुराक कितीही द्या" असं जे चालतं ते या हिशोबात बसत नाही.

शिवाय चावण्याचा फायदा नुसता लाळेपुरता नाही. लांब धाग्याचा चारा रुमेनमध्ये वर एक जाडसर थर धरून राहतो, भिंतीला घासतो, पोट ढवळलं जातं आणि ॲसिड भिंतीपर्यंत पोचून शोषलं जातं.

कुट्टी किती बारीक करावी?

पिठासारखी नक्कीच नको. जो तुकडा साधारण ८ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकतो तो चावायला भाग पाडतो असं धरतात. चारा तपासायच्या ज्या एकावर एक ठेवायच्या चाळण्या मिळतात त्यात वरची १९ मिलिमीटरची आणि खालची ८ ची असते ती याचसाठी. फार बारीक केलं तर कागदावर फायबर तेवढंच दिसतं, लॅबचा रिपोर्ट पण चांगला येतो, पण जनावराला चावायला काही उरत नाही. फार लांब ठेवलं तर दुसरा घोळ होतो, जनावर तोंडाने बाजूला सारून खालचा खुराक वेचून खातं आणि जाड काड्या गव्हाणीत तशाच राहतात. मग तुम्ही कागदावर काय मिसळलं होतं त्याला काही अर्थ राहत नाही. संध्याकाळी गव्हाणीत काय उरलंय ते हाताने चाळून बघा, सकाळी टाकलं होतं त्याच्यापेक्षा ते जास्त जाडंभरडं दिसलं तर वेचून खाणं चालू आहे.

सगळा खुराक एकाच वेळी दिला तर काय बिघडतं?

लाळ आणि ॲसिडची वेळ जुळत नाही. खुराक दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि पुढच्या काही तासांत ॲसिडचा लोंढा येतो, पण लाळ तर मिनिटाला ठरलेलीच येणार, ती काही लोंढ्यासारखी वाढत नाही. पीएच ५.५ ते ५.८ च्या खाली रोज काही तास राहायला लागला की त्याला छुपा ॲसिडोसिस म्हणतात. छुपा अशासाठी की गाय उभी असते, खात असते, दूधही देत असते. फक्त एक दिवस कमी खाते, दुसऱ्या दिवशी जास्त, शेण पातळ आणि फेसकट, फॅट उतरलेलं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खुर दुखायला लागतात. तेव्हा कोणाच्या डोक्यात लाळ येत नाही.

पीएच ५ च्या आसपास किंवा त्याखाली घसरला तर तो मोठा ॲसिडोसिस. लॅक्टिक ॲसिड साठतं, ते बाकीच्या ॲसिडांपेक्षा बरंच तीव्र, आणि पोटाची हालचालच थांबते. हालचाल थांबली की रवंथ थांबलं, रवंथ थांबलं की लाळ कमी झाली, आणि लाळ कमी झाली की पीएच अजून खाली. कोठारात घुसून पोतंभर धान्य खाल्लेल्या जनावरात हेच होतं. तिथे घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरला लगेच बोलवा, तासांचा खेळ असतो.

उपाय सोपा आहे, खुराक दोन-तीन-चार हप्त्यांत विभागून द्या, आधी चारा आणि मग खुराक, किंवा सगळं एकत्र मिसळून. आणि खुराक वाढवायचा असेल तर दोन-तीन आठवडे घ्या.

मग सरळ खाण्याचा सोडाच द्यावा का?

देतात आणि उपयोग होतो. जास्त खुराक खाणाऱ्या दुधाळ गाईला दिवसाला १५० ते २५० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट हे नेहमीचं प्रमाण आहे. पण वरचा हिशोब आठवा, गाय स्वतः १ किलोच्या आसपास किंवा जास्तच बनवते. तुम्ही देताय तो जोड आहे, बदली नाही. चारा सुधारून लाळ वाढवायची सोडून नुसता सोडा टाकत राहणं म्हणजे गळक्या टाकीत बादलीने पाणी ओतत बसण्यासारखं आहे.

लाळेच्या ग्रंथी किती आणि सगळ्या एकच काम करतात का?

नाही. कानाखालची पॅरोटिड ही सर्वात महत्त्वाची, तिची लाळ पाण्यासारखी पातळ आणि सोड्याने भरलेली. दाढांजवळच्या आणि गालातल्या काही ग्रंथी पण तशीच लाळ देतात. पॅरोटिडचं वैशिष्ट्य असं की ती कधी थांबतच नाही, तिच्या नसा तोडल्या तरी थोडी लाळ येत राहते. जबड्याखालची ग्रंथी वेगळी, तिची लाळ चिकट, म्युसिन असलेली आणि ती मुख्यतः खाताना सुटते, रवंथाच्या वेळी फारशी नाही. चारा बुळबुळीत करून गोळा बांधायचं काम हिचं.

इशारा पण फक्त तोंडातून मिळतो असं नाही. अन्ननलिकेचं खालचं टोक आणि रुमेन-जाळीपोटाची भिंत यांना काडीकचरा टोचला, ताण बसला की पॅरोटिड वेग वाढवते. म्हणजे पोटातला खरखरीत चारासुद्धा वर तोंडात लाळ मागवत असतो. ताण प्रमाणाबाहेर गेला, पोट गच्च फुगलं, तर मात्र उलटं होऊन लाळ कमी पडते.

पोटफुगीचा लाळेशी संबंध आहे का?

आहे. कोवळा लसूणघास किंवा क्लोव्हर भरपूर खाल्ल्यावर जी फेसाची पोटफुगी होते तिच्यात गॅस बारीक बारीक बुडबुड्यांत अडकतो आणि ढेकर येत नाही. लाळेतलं म्युसिन हा फेस मोडायला मदत करतं असं दिसलंय. कोवळा, रसाळ पाला जनावर भराभर गिळतं, चावत नाही, त्यामुळे लाळ कमी आणि फेस करणारी विरघळलेली प्रथिनं जास्त, अशी दोन्हीकडून अडचण होते. म्हणून असल्या चाऱ्यावर सोडण्याआधी पोटात वाळलेलं गवत असू द्यावं हा जुना सल्ला अगदी योग्य आहे. उपाशी जनावर कधीच सोडू नये.

लाळेतून युरिया पोटात जातो हे खरं का?

खरं, आणि मला ही व्यवस्था फार आवडते. शरीरात प्रोटीन मोडून यकृतात जो युरिया बनतो तो सगळा लघवीत जात नाही, काही भाग लाळेतून आणि काही रुमेनच्या भिंतीतून परत पोटात येतो. तिथले बॅक्टेरिया त्याचा अमोनिया करतात, अमोनियापासून स्वतःचं शरीर बनवतात, आणि पुढे तेच बॅक्टेरिया आतड्यात पचून गाईला प्रोटीन मिळतं. वाळक्या, निकस चाऱ्यावर दिवस काढणारं जनावर तग धरतं त्यात या फेऱ्याचा मोठा हात आहे. जास्त चावावं लागणाऱ्या चाऱ्यावर लाळेचा वाटा मोठा असतो, खुराकावर भिंतीचा.

फॉस्फरसबद्दल पण लाळेचं नाव येतं, ते काय?

लाळेत फॉस्फरस रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. रोज भरपूर फॉस्फरस लाळेतून रुमेनमध्ये जातो, बॅक्टेरियांना तो लागतोच, मग आतड्यात बराचसा परत शोषला जातो आणि उरलेला शेणातून बाहेर पडतो. म्हणून गाई-मेंढ्यांचा फॉस्फरस मुख्यतः शेणातून जातो, आपल्यासारखा लघवीतून नाही.

आणि मीठ?

लाळेतला मुख्य क्षार सोडियम. एवढ्या लाळेत सोडियम किती असेल विचार करा, रुमेन म्हणजे शरीराचं सोडियमचं कोठारच आहे. चाऱ्यातून मीठ कमी पडलं की अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि लाळेत सोडियमच्या जागी पोटॅशियम यायला लागतं. ऑस्ट्रेलियात डेरेक डेंटन यांनी मेंढीच्या पॅरोटिडची लाळ नळीतून बाहेर काढून यावर बरीच वर्षं काम केलं. लाळ पोटात परत न गेल्यामुळे त्या मेंढ्यांमध्ये सोडियमची कमतरता व्हायची, आणि मिठाचं पाणी समोर ठेवलं की त्या आपली तूट भरून निघेल एवढं ते पिऊन घ्यायच्या. निरोगी जनावराच्या लाळेत सोडियम पोटॅशियमच्या २० पटीच्या आसपास असतं, हे प्रमाण १० पटीच्या खाली आलं तर मीठ कमी पडतंय असं समजतात. चाटायला मिठाची वीट कायम असू द्या.

मेंढी आणि गाय यांच्यात फरक काय?

तत्त्व एकच. पण मेंढी चारा जास्त बारीक चावते. अख्खं धान्य दिलं तर मेंढी ते दाढेखाली फोडते, त्यात वेळ जातो, लाळ मिसळते, म्हणून मेंढीला बहुतेक धान्य भरडायची गरज नसते आणि अख्खं दिलेलं पोटालाही सोसतं. गाईचं तसं नाही, अख्खे दाणे बरेचसे न फुटता शेणात दिसतात, तिला भरडून द्यावं लागतं. आणखी एक, झाडपाला खाणाऱ्या काही हरणांच्या लाळेत टॅनिनला (पाल्यातल्या तुरट द्रव्याला) बांधून टाकणारी खास प्रथिनं असतात, मेंढी आणि गाईच्या लाळेत ती सापडलेली नाहीत, तुरट पाल्याबद्दल त्या जास्त नाजूक असण्याचं हे एक कारण.

उष्णतेत अपचनाच्या तक्रारी का वाढतात?

धापा टाकणाऱ्या जनावरात तीन गोष्टी एकदम होतात. रवंथ कमी होतं. तोंडातून लाळ खाली गळते, म्हणजे पोटात जायचा सोडा जमिनीवर. आणि जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला की रक्ताचा तोल सांभाळायला मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीत टाकून देतं, मग लाळेसाठी ते कमी उरतं. त्यात गाय चारा सोडून खुराकच खाते, कारण चारा आंबवताना आणि पचवताना अंगात उष्णता जास्त होते. सावली, गार पाणी आणि रात्री-पहाटे चारा, एवढं तरी करा.

तोंडातून लाळेच्या तारा लागल्यात, म्हणजे लाळ वाढलीय का?

बहुतेक वेळा लाळ वाढलेली नसते, गिळता येत नसते. रोजची शंभर लिटर लाळ गपचूप पोटात जात असते म्हणून दिसत नाही, गिळणं अडलं की लगेच बाहेर दिसते. घशात किंवा अन्ननलिकेत काही अडकलं तर लाळ गळते आणि सोबत पोटही फुगतं, कारण ढेकरेचा रस्ताही तोच आहे. लाळ्या खुरकूत, मेंढ्यांमधला नीलजिव्हा, जिभेला गाठ येऊन ती लाकडासारखी कडक होणं, दाढेचं दुखणं ही बाकीची कारणं. लाळ खरोखर वाढते ती काही विषबाधांत, उदाहरणार्थ ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक, किंवा लाल क्लोव्हरवर वाढणाऱ्या एका बुरशीतलं स्लॅफ्रामाइन.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेबीजमध्येही जनावराला गिळता येत नाही आणि लाळ गळते. कारण माहीत नसताना उघड्या हाताने तोंडात हात घालून "काय अडकलंय" बघू नका. हातमोजे, आणि आधी डॉक्टर.

वासरा-कोकराचं काय?

जन्मतः रुमेन लहान आणि निकामी असतो, दूध त्याला वळसा घालून थेट खऱ्या पोटात जातं, त्यामुळे सोड्याच्या लाळेची गरजही नसते. सुकं खाद्य खायला लागल्यावर रुमेन आणि पॅरोटिड दोन्ही वाढायला लागतात. खुराकाने रुमेनची आतली भिंत तयार होते आणि चाऱ्याने चावणं, रवंथ आणि लाळ, म्हणून दोन्ही हवं.

माझ्या जनावरांची लाळ पुरेशी आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

लाळ मोजता येत नाही, चावणं मोजता येतं. खाऊन दोन-तीन तास झाले की जा आणि नुसतं बघा. जी बसलेली आहेत त्यातली निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसली पाहिजेत. मग एकेक गाय धरून घड्याळ न बघता फक्त चावणं मोजा, घास वर आल्यापासून गिळेपर्यंत. मी स्वतः पाच गाई आणि प्रत्येकीचे तीन घास मोजतो. ५५-६० च्या पुढे येत असेल तर बरं चाललंय, सगळीकडे ४०-४५ वरच गिळत असतील तर चारा बारीक किंवा कमी झालाय. एखादीच कमी मोजत असेल तर चाऱ्यापेक्षा तिची दाढ, तिची तब्येत बघा. मेंढ्यांचं असं मोजणं जरा अवघड, जवळ गेलं की उठतात, लांबून बघावं लागतं.

कोणत्या औषधाने लाळ आटते का?

ॲट्रोपिनने आटते, लाळग्रंथीला नसांकडून येणारा इशाराच ते अडवतं. वर सांगितलेल्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत तेच औषध म्हणून देतात. पण ते दिल्यावर पोटाची हालचालही मंदावते, म्हणून नंतरचा दिवसभर जनावर पुन्हा रवंथ कधी सुरू करतं ते बघत राहायचं, आणि ते सुरू होईपर्यंत खुराक पुढे ठेवायचा नाही, फक्त पाणी आणि वाळलेलं गवत.